आडव्या-उभ्या तक्त्यातला छेद: गटवार आकड्यांपासून क्रॉस-टॅबपर्यंत

क्रॉस-टॅब, म्हणजे दोन गोष्टींच्या प्रत्येक जोडीत किती जण येतात ते दाखवणारा आडवा-उभा तक्ता, हे कोडच्या एका ओळीचं काम, असं सगळे सांगतात आणि ते खोटं नाही. आर या संख्याशास्त्राच्या भाषेत त्यासाठी एक फंक्शन आहे, पायथनच्या पँडाज या साधनसंचात एक आहे, एक्सेलमध्ये तर रकान्यांची नावं माउसने ओढली की तक्ता हजर. अडचण एवढीच, की हा तक्ता चुकला तर चुकल्यासारखा दिसत नाही. ओळी-रकाने नीट मांडलेले, टक्क्यांची बेरीज शंभर, आणि उत्तर मात्र साफ उलटं. चूक बहुतेक वेळा दोनच जागी असते. आकड्यांची एक ओळ म्हणजे नक्की काय, हे पाहिलेलं नसतं, किंवा टक्के काढताना छेद (ज्याने भागायचं ती संख्या) कोणता घेतला, हे ठरवलेलं नसतं.

उदाहरणाला बर्कलीचे आकडे घेऊ. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात १९७३ साली पदव्युत्तर प्रवेशासाठी आलेल्या अर्जांचे हे आकडे. बिकेल, हॅमेल आणि ओ'कॉनेल या तिघांनी १९७५मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. सहा सर्वांत मोठ्या विभागांचे आकडे 'यूसीबी-ॲडमिशन्स' या नावाने आर भाषेसोबतच येतात, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. विभागांची खरी नावं त्यात नाहीत, ए ते एफ अशी अक्षरं आहेत. एकूण अर्जदार ४,५२६.

आरमध्ये ही वस्तू तीन मितींची आहे: प्रवेश, लिंग, विभाग, याच क्रमाने. तिला डेटा-फ्रेममध्ये बदललं की चार रकाने मिळतात: ॲडमिट (प्रवेश), जेंडर (लिंग), डेप्ट (विभाग) आणि फ्रीक (संख्या). ओळी २४, कारण २ × २ × ६ = २४. पहिली ओळ सांगते: प्रवेश मिळाला, पुरुष, विभाग ए, ५१२. म्हणजे ही ओळ एका माणसाची नाही, ५१२ माणसांची आहे. शाळेत 'वारंवारता सारणी' शिकलो तीच ही, फक्त तीन बाजूंनी विभागलेली.

आता कुणी नेहमीच्या सवयीने 'टेबल' फंक्शनला जेंडर आणि ॲडमिट हे दोन रकाने दिले, तर काय येतं? चारही सेलमध्ये, म्हणजे तक्त्याच्या घरांत, ६. पुरुष-प्रवेश ६, पुरुष-नकार ६, स्त्री-प्रवेश ६, स्त्री-नकार ६. 'टेबल' ताळ्याच्या खुणा मारतं: ओळ दिसली की एक खूण. फ्रीकमध्ये ५१२ आहे की ८, याकडे ते बघतही नाही. या तक्त्यावर काय-वर्ग चाचणी (दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, हे तपासणारी) केली तर उत्तर शून्य, म्हणजे स्त्री-पुरुषांच्या प्रवेशात तसूभरही फरक नाही! खऱ्या संख्या घेऊन तीच चाचणी ९२.२ देते. आर मात्र दोन-बाय-दोन तक्त्याला न विचारता येट्सची दुरुस्ती (उत्तर थोडं कमी करणारा एक बदल) लावतं, त्यामुळे पडद्यावर ९१.६ दिसेल. ती चूक नव्हे.

सगळीकडे ६ आले की निदान संशय तरी येतो. पँडाजची गोष्ट जास्त घातक आहे. तिथल्या 'पिव्हट-टेबल'ला व्हॅल्यूज म्हणून फ्रीक दिलं आणि बाकी काही सांगितलं नाही, तर ते बेरीज करत नाही, सरासरी काढतं. पुरुष-प्रवेशाच्या सेलमध्ये १,१९८च्या जागी १९९.६७ येतं, स्त्री-प्रवेशाच्या सेलमध्ये ५५७च्या जागी ९२.८३. आकडे पटण्यासारखे दिसतात. गंमत पुढे आहे. या चुकलेल्या तक्त्यावरून ओळीचे टक्के काढले तर ते तंतोतंत बरोबर येतात, कारण चारही सेल सहा-सहा ओळींपासून बनलेले आहेत, सगळ्यांना सहानेच भाग गेला आणि गुणोत्तर तसंच राहिलं. उद्या एखाद्या विभागात एकाही स्त्रीला प्रवेश मिळाला नाही आणि शून्याची ती ओळ फाइलमध्ये कुणी लिहिलीच नाही, तर त्या एका सेलला पाचाने भाग जाईल आणि टक्के गुपचूप बिघडतील. वर्षभर बरोबर चाललेली स्क्रिप्ट एका महिन्यात अचानक चुकते, त्याचं कारण अनेकदा इतकं साधं असतं.

एक्सेलच्या पिव्हट-टेबलचीही अशीच एक खोड आहे. संख्यांचा रकाना पूर्ण भरलेला असेल तर ते आपोआप बेरीज निवडतं. त्यात एखाद्या सेलमध्ये जरी अक्षरं असली, किंवा जुन्या आवृत्त्यांत एखादा सेल नुसता रिकामा असला, तरी ते मोजणीवर जातं. मथळ्यात 'सम' लिहिलंय की 'काउंट', हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बरोबर रस्ता असा. आरमध्ये 'एक्सटॅब्स' वापरा आणि सूत्राच्या डाव्या बाजूला संख्येचा रकाना ठेवा: फ्रीक ~ जेंडर + ॲडमिट. डावी बाजू रिकामी ठेवली तर ते पुन्हा ओळीच मोजेल. आरसाठीचं डीप्लायर हे पॅकेज वापरत असाल तर 'काउंट'ला जेंडर आणि ॲडमिट द्या, आणि 'डब्ल्यूटी' (भार) या नावाने फ्रीक. पँडाजमध्ये 'पिव्हट-टेबल'चं 'एजीजी-फंक' (गटातल्या आकड्यांचं काय करायचं ते) स्पष्टपणे 'सम', म्हणजे बेरीज, करा. तिथलं 'क्रॉसटॅब' वापरायचं असेल तर व्हॅल्यूज आणि एजीजी-फंक दोन्ही द्यावे लागतात, नाहीतर तेही ओळीच मोजतं. संख्याशास्त्राच्या इतर सॉफ्टवेअरमध्येही हेच: एसपीएसएसमध्ये आधी 'वेट केसेस', स्टेटामध्ये चौकोनी कंसात 'एफ-वेट', सॅसच्या 'प्रॉक फ्रीक'मध्ये 'वेट' हे विधान. नावं वेगळी, सांगायचं एकच: ही ओळ इतक्या माणसांची आहे.

हे केलं की हा तक्ता मिळतो:

| | प्रवेश | नकार | एकूण |
|---|---|---|---|
| पुरुष | १,१९८ | १,४९३ | २,६९१ |
| स्त्रिया | ५५७ | १,२७८ | १,८३५ |
| एकूण | १,७५५ | २,७७१ | ४,५२६ |

सगळ्यात आधी उजवा खालचा कोपरा बघा. तिथे ४,५२६ नसेल तर पुढचं काहीही वाचण्यात अर्थ नाही.

छेद

एका सेलचे तीन टक्के निघतात आणि तिन्ही खरे असतात. १,१९८ला पुरुषांच्या एकूण संख्येने, २,६९१ने, भागलं तर ४४.५ टक्के: अर्ज केलेल्या पुरुषांपैकी इतक्यांना प्रवेश मिळाला. प्रवेश मिळालेल्या सगळ्यांच्या संख्येने, १,७५५ने, भागलं तर ६८.३: प्रवेश मिळालेल्यांपैकी इतके पुरुष होते. सगळ्या ४,५२६ने भागलं तर २६.५: अर्जदारांपैकी इतके जण पुरुषही होते आणि त्यांना प्रवेशही मिळाला.

प्रश्न काय आहे त्यावर छेद ठरतो. 'स्त्रियांना प्रवेश मिळणं जास्त अवघड होतं का?' या प्रश्नाला ओळीचे टक्के लागतात: पुरुष ४४.५, स्त्रिया ३०.४. इथे रकान्याचे टक्के घेऊन '६८ टक्के जागा पुरुषांना मिळाल्या' असं म्हटलं, तर अर्जदारांत मुळातच पुरुष जास्त होते ही गोष्ट त्या आकड्यात मिसळते. नकार मिळालेल्यांतही ५३.९ टक्के पुरुषच आहेत! ठोकताळा असा, की ज्याला आपण कारण मानतो, म्हणजे इथे लिंग, त्याच्या गटांच्या बेरजा छेदात घ्यायच्या.

आरच्या 'प्रॉप-टेबल'ला मार्जिन १ म्हणजे ओळ, २ म्हणजे रकाना, काहीच दिलं नाही तर एकूण. पँडाजच्या 'क्रॉसटॅब'मध्ये हेच 'नॉर्मलाइझ'ला इंडेक्स, कॉलम्स किंवा ऑल असं सांगतात. इथे लोक १ आणि २ची घोकंपट्टी करतात. तक्ता दोन मितींचा असेपर्यंत ती चालते. तिसरी मिती आली की 'ओळ' आणि 'रकाना' या शब्दांनाच अर्थ उरत नाही. मार्जिन म्हणजे 'ज्या गटाच्या आत बेरीज १ व्हायला हवी, तो गट कोणत्या मितींनी बनतो' असं लक्षात ठेवलं तर कधीच अडत नाही. बर्कलीच्या मूळ वस्तूत लिंग ही दुसरी मिती आणि विभाग तिसरी. 'प्रत्येक विभागातल्या प्रत्येक लिंगाच्या अर्जदारांपैकी किती' हे हवं असेल तर मार्जिनमध्ये २ आणि ३ दोन्ही द्यायचे. मग ए विभागातल्या पुरुषांसाठी ५१२ भागिले ८२५, म्हणजे ६२.१ टक्के येतात. नुसता २ दिला तर तोच ५१२ सगळ्या २,६९१ पुरुषांनी भागला जातो आणि १९.० येतात. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त दुसऱ्याचा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता.

बेरजांची ओळ कधी जोडायची, हेही इथेच सांगायला हवं. आरचं 'ॲडमार्जिन्स' आधी चालवलं आणि टक्के नंतर काढले, तर 'एकूण' हा रकानासुद्धा एक प्रकार समजून छेदात धरला जातो. पुरुषांचे ४४.५ टक्के मग २२.३ होतात, नकाराचे २७.७, आणि 'एकूण'मध्ये ५०. त्या रकान्यात १००च्या जागी ५० दिसलं की समजायचं, क्रम उलटा झाला. आधी टक्के, मग बेरीज.

डीप्लायरमध्ये छेद आणखी लपलेला असतो. तिथे सहसा जेंडर आणि ॲडमिटवर 'ग्रुप-बाय' करतात, 'समराइझ'ने फ्रीकची बेरीज घेतात आणि मग 'म्युटेट'मध्ये ती बेरीज तिच्याच एकूण बेरजेने भागतात. पण 'समराइझ' केल्यावर गटबांधणीचा शेवटचा थर सोलून निघतो. वर जेंडर आधी आणि ॲडमिट नंतर लिहिलं होतं, म्हणून ॲडमिट सुटलं आणि जेंडरचे गट शिल्लक राहिले. टक्के लिंगाच्या आत निघाले: ४४.५ आणि ३०.४. ही दोन नावं उलट क्रमाने लिहिली असती तर तोच कोड ६८.३ देता झाला असता. आणि 'ग्रुप-बाय'ऐवजी 'काउंट' वापरलं असतं तर गट शिल्लकच नाहीत, म्हणून २६.५. म्हणजे तीन वेगळी उत्तरं फक्त नावांच्या क्रमावर आणि फंक्शनच्या निवडीवर ठरतात, आणि कोड कुठेही अडत नाही. पडद्यावर एक लहानशी सूचना येते की गट जेंडरप्रमाणे आहेत. बहुतेक जण ती बंद करून टाकतात. बंद करू नका. त्याहून बरं म्हणजे छेद स्वतः लिहा. डीप्लायर १.१.० पासून 'म्युटेट'लाच 'बाय' हा पर्याय देता येतो: या रकान्याच्या आत बेरीज कर, एवढंच आणि एकदाच. काम संपलं की गटही आपोआप सुटतात. पँडाजमध्ये तेच 'ग्रुपबाय'नंतर 'ट्रान्सफॉर्म'ने गटाची बेरीज प्रत्येक ओळीसमोर आणून करायचं. एक ओळ जास्त लिहावी लागते, पण सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला छेद शोधत बसावं लागत नाही.

तिसरा रकाना आला की

वरचा तक्ता पाहून कुणीही म्हणेल, ४४.५ विरुद्ध ३०.४, बर्कलीत स्त्रियांवर अन्याय झाला. आता विभाग आत आणू.

| विभाग | पुरुष अर्जदार | त्यांपैकी प्रवेश | स्त्री अर्जदार | त्यांपैकी प्रवेश |
|---|---|---|---|---|
| ए | ८२५ | ६२.१% | १०८ | ८२.४% |
| बी | ५६० | ६३.०% | २५ | ६८.०% |
| सी | ३२५ | ३६.९% | ५९३ | ३४.१% |
| डी | ४१७ | ३३.१% | ३७५ | ३४.९% |
| ई | १९१ | २७.७% | ३९३ | २३.९% |
| एफ | ३७३ | ५.९% | ३४१ | ७.०% |

सहापैकी चार विभागांत, ए, बी, डी आणि एफमध्ये, स्त्रियांचा दर जास्त आहे. सी आणि ईमध्ये पुरुष थोडे पुढे. मग एकूणात एवढी दरी कुठून आली? ती दुसऱ्या आणि चौथ्या रकान्यात आहे. ए आणि बी हे प्रवेश सहज मिळणारे विभाग, तिथे दोन्ही लिंगं मिळून साठाच्या वर टक्के लोकांना प्रवेश मिळाला. पुरुषांपैकी १,३८५ जणांनी, म्हणजे ५१.५ टक्क्यांनी, इथे अर्ज केले. स्त्रियांपैकी १३३ जणींनी, म्हणजे ७.२ टक्क्यांनी. बाकी स्त्रिया सी ते एफमध्ये, जिथे दार अरुंद होतं.

एकूण दर हा विभागांच्या दरांची भारित सरासरी असतो आणि भार म्हणजे त्या-त्या विभागातले अर्जदार. पुरुषांच्या सरासरीत साठीतल्या दरांना निम्म्याहून जास्त भार मिळाला, स्त्रियांच्या सरासरीत तेच दर कोपऱ्यात पडले. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी आत शाळेतल्या भारित सरासरीपलीकडे काही नाही. एक गोष्ट मात्र या तक्त्यावरून म्हणता येत नाही: अन्याय कुठेच नव्हता. स्त्रिया त्याच विभागांकडे का वळल्या आणि त्या विभागांत जागा कमी का होत्या, याचं उत्तर या २४ आकड्यांत नाही.

इथे आणखी एक खड्डा आहे आणि त्यात पडणारे खूप. विभागांचे सहा दर हाताशी आहेत, मग त्यांचीच सरासरी घेऊ, असं करून बघा. पुरुष ३८.१, स्त्रिया ४१.७. दरी उलटली! हा आकडा ना एकूण दर आहे, ना विभागांचं न्याय्य चित्र, कारण २५ स्त्रियांचा बी विभाग आणि ५९३ स्त्रियांचा सी विभाग यांना त्यात सारखंच वजन आहे. दोन्ही लिंगांना एकाच मापाने मोजायचं असेल तर भार एकच ठेवा, उदाहरणार्थ प्रत्येक विभागातले सगळे अर्जदार: ९३३, ५८५, ९१८, ७९२, ५८४, ७१४. पुरुषांचा प्रत्येक दर या भाराने गुणून बेरीज ४,५२६ने भागली तर ३८.७ येतात, स्त्रियांचे ४३.०. याला प्रमाणित दर म्हणतात. तो छापताना भार कोणता घेतला हेही छापायचं, कारण भार बदलला की तो बदलतो. इथला बराचसा फरक एकट्या ए विभागातून येतो, हेही वरच्या तक्त्यावरून दिसतंच.

म्हणून सारांश-तक्ता पुढे कुणाला देणार असाल तर दर एकटे देऊ नका. अंश आणि छेद दोन्ही द्या. संख्या असल्या की त्यांतून हवा तो दर काढता येतो, पण नुसत्या दरांमधून संख्या परत येत नाहीत. सरासरीचंही तसंच, बेरीज आणि मोजणी ठेवली तर गट हवे तसे एकत्र करता येतात. मध्यक मात्र कसाही साठवला तरी जोडता येत नाही, त्यासाठी मूळ ओळींकडेच जावं लागतं. छेद दाखवण्याचा आणखी एक फायदा आहे: बी विभागातले ६८ टक्के २५ जणींवर उभे आहेत, तिथे एका अर्जाचा निकाल फिरला की आकडा चार टक्क्यांनी हलतो, हे वाचणाऱ्याला आपसूक कळतं.

रिकामी घरं

बर्कलीच्या आकड्यांत एकही सेल रिकामा नाही, सर्वांत लहान आकडा ८ आहे. खऱ्या कामात इतकं नशीब नसतं. एखादी जोडी आकड्यांत आलीच नाही तर काय दिसेल, हे फंक्शनवर अवलंबून आहे. 'एक्सटॅब्स' तिथे ० लिहितं. 'टीॲप्लाय' एनए, म्हणजे 'माहिती नाही', लिहितं. 'ॲग्रिगेट' ती ओळच देत नाही. पँडाजचं 'पिव्हट-टेबल' नॅन (तिथलं 'माहिती नाही') लिहितं, आणि त्या रकान्यातले बाकीचे पूर्णांक दशांशात जातात, म्हणून अचानक ५१२.० दिसायला लागतं.

तिथे शून्य भरायचं का? मोजणी किंवा बेरीज असेल तर हो, कुणी आलं नाही म्हणजे शून्यच आलं. सरासरी असेल तर अजिबात नाही. ज्या गटात कुणीच नाही त्याचे सरासरी गुण शून्य नसतात, ते अस्तित्वातच नसतात. 'फिल-व्हॅल्यू' (रिकाम्या जागी भरायची किंमत) शून्य करायची सवय हाताला लागली की हा भेद पुसला जातो.

रिकामा सेल आणि माहिती नसलेला माणूस या तर अजून वेगळ्या गोष्टी. एखाद्या अर्जावर लिंग लिहिलेलंच नसेल तर आरचं 'टेबल' ती ओळ काही न बोलता गाळतं, 'यूझ-एनए' हा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. पँडाजचं 'ग्रुपबाय'ही गाळतं, तिथे 'ड्रॉप-एनए' बंद करावं लागतं. डीप्लायर मात्र एनएचा वेगळा गट ठेवतो. त्यामुळे एकाच फाइलवरून दोघांनी तक्ते केले की बेरजा जुळत नाहीत, आणि दोघेही आपलंच बरोबर म्हणून अडून बसतात. उजव्या खालच्या कोपऱ्याकडे आधी बघा म्हटलं ते यासाठी.

लांब तक्ता आडवा करताना

डीप्लायरमधून मोजणी लांब मिळते, एका जोडीला एक ओळ. ती आडवी करायला आरच्याच टायडीआर या पॅकेजचं 'पिव्हट-वाइडर'. याचा नियम असा, की ज्या रकान्यांचं काय करायचं ते तुम्ही सांगितलं नाही, ते सगळे ओळीची ओळख म्हणून धरले जातात. वर मोजणी केली, मग टक्क्यांचा रकाना जोडला, आणि मग फक्त मोजणी आडवी करायला सांगितली, तर टक्के ओळखीत अडकतात. पुरुष-प्रवेशाच्या ओळीत ०.४४५ आहे, पुरुष-नकाराच्या ओळीत ०.५५५, म्हणून फंक्शनला त्या दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात. दोनच्या जागी चार ओळी येतात आणि एनए जिन्याच्या पायऱ्यांसारखे उतरत जातात. हा जिना दिसला की कोड पुन्हा लिहीत बसू नका. जास्तीचा रकाना काढून टाका, किंवा 'आयडी-कॉल्स'मध्ये फक्त जेंडर लिहा.

उलट चूकही होते. विभागाचा रकाना काढून टाकला पण बेरीज केली नाही, तर एका सेलसाठी सहा-सहा किमती उरतात. टायडीआर इशारा देऊन सेलमध्ये याद्या कोंबतं. पँडाजचं 'पिव्हट' दुहेरी नोंदी आहेत म्हणून कामच करत नाही. 'पिव्हट-टेबल' मात्र सरासरी काढून मोकळं होतं. भांडणारं फंक्शन बरं.

मराठी नावं असतील तर

गटाची नावं देवनागरीत असली की संगणकाच्या दृष्टीने 'तेच' आणि 'तसंच दिसणारं' यांत फरक पडतो. 'ॲ' हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं: एक स्वतंत्र अक्षर म्हणून, आणि दुसरं अ, मग न दिसणारा जोडक, मग चंद्र. 'ऱ'चंही तसंच, एक आख्खा, एक र आणि खाली नुक्ता. डोळ्यांना फरक कळत नाही, तक्त्यात मात्र 'ॲडमिशन' नावाच्या दोन ओळी येतात. 'ऱ'च्या दोन रूपांना युनिकोडचं (संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक संकेताचं) प्रमाणीकरण एकत्र आणतं. 'ॲ'च्या दोन रूपांना नाही आणत, ती हाताने बदलून घ्यावी लागतात. नावामागे राहिलेली मोकळी जागाही असाच एक जास्तीचा गट तयार करते. जिल्हावार आकडे अनेक वर्षांचे असतील तर औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव, अहमदनगर आणि अहिल्यानगर या जोड्या आधी एका नावाखाली आणाव्या लागतात, नाहीतर प्रत्येक जिल्ह्याच्या दोन अर्धवट ओळी बनतात आणि रिकाम्या सेलमध्ये शून्य भरलं की वाटतं, तो जिल्हा एका वर्षी संपला आणि दुसरा उगवला. तक्ता करण्याआधी वेगळ्या नावांची यादी आणि प्रत्येकाची मोजणी एकदा छापून बघणं, यासारखं स्वस्त औषध नाही.

संख्या देवनागरीत टाइप केलेल्या असतील तर पायथनचं 'इंट' '१२३' हे बिनतक्रार वाचतं. आरचं 'ॲज-न्यूमरिक' त्याचं एनए करतं.

ओळींचा क्रमही आधीच ठरवा. 'कमी, मध्यम, जास्त' हे गट तसेच सोडले तर संगणक ते अक्षरांच्या क्रमाने लावतो आणि 'जास्त' मध्यमच्या आधी येतं. आरमध्ये फॅक्टरच्या लेव्हल्स लिहून, पँडाजमध्ये क्रमवार कॅटेगोरिकल करून हा क्रम एकदा पक्का करायचा. आणि काळ्या पडद्यावर (टर्मिनलवर) देवनागरी तक्त्याचे रकाने वाकडेतिकडे दिसले म्हणून घाबरू नका, काना-मात्रांची रुंदी त्याला मोजता येत नाही, आकडे जागेवरच असतात. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठीच्या जागी कचरा दिसत असेल तर फाइलच्या सुरुवातीची एक खूण राहिली आहे: पँडाजमध्ये एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या, आरमध्ये रीडआर या पॅकेजचं 'राइट-एक्सेल-सीएसव्ही' वापरा.